मदत हवी आहे: इंग्रजी पाटीवर अपॉस्ट्रॉफी नेमकी कुठे?

कोथरूडकर: कोथरूडला बेकरीची इंग्रजी पाटी करायची आहे. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं एकदा कापली की दुरुस्ती नाही, म्हणून आधी विचारतेय. मजकूर: ‘जोशीज बेकरी’, ‘केक्स, पफ्स, कुकीज’, ‘इट्स ऑल एगलेस’, ‘चिल्ड्रन्स पार्टी ऑर्डर्स’, ‘सिन्स ९८’. डिझायनरने शेवटच्या प्रत्येक एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकली आहे. कुठली ठेवू, कुठली काढू?

लाल शाई: केक्स, पफ्स, कुकीज, ऑर्डर्स या चारही ठिकाणची काढा. नुसत्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही. पुण्यात निम्म्या पाट्या इथेच चुकतात.

मराठीत चा-ची-चे लागत असेल तरच पुढे जायचं. मग अनुस्वार बघा. ‘विद्यार्थ्याचे’ असेल तर स्टुडंट, अपॉस्ट्रॉफी, एस. ‘विद्यार्थ्यांचे’ असेल तर स्टुडंट्स पूर्ण लिहून एसच्या नंतर. चिल्ड्रन, मेन, विमेन हे एस न लावताच अनेकवचनी आहेत, त्यामुळे तिथे अनुस्वार असूनही अपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच. म्हणजे चिल्ड्रन्स बरोबर आहे.

आडनावात मात्र ही युक्ती फसते, कारण ‘जोशींची’ मधला अनुस्वार आदराचाही असतो. मालक एकच असतील तर आयनंतर अपॉस्ट्रॉफी, मग एस.

पेठेतला: ‘इट्स’ची फोड ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ अशी होते का बघा. इथे होते, म्हणून हवी. मेन्यूत ‘केक अँड इट्स टॉपिंग’ असं काही असेल तर तिथे नको. हर्स, युअर्स, अवर्स, देअर्स (‘त्यांचं’ या अर्थी) यांना कधीच नाही.

डीटीपी: ‘९८’च्या आधी अपॉस्ट्रॉफी द्या, कारण तिथले पहिले दोन आकडे गाळलेत. पण आकार तपासा. वर्ड तिथे आपोआप इंग्रजी सहासारखं, म्हणजे उघडणारं अवतरणचिन्ह टाकतं. हवं ते इंग्रजी नऊसारखं. कंट्रोल धरून अपॉस्ट्रॉफीची कळ दाबा, सोडा, पुन्हा तीच कळ दाबा. नाहीतर ऑल्ट धरून नंबर पॅडवर ०१४६.

आणि प्रूफ कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) कर्व्ह करण्याआधी वाचा. कर्व्ह झाल्यावर तो मजकूर राहत नाही, नुसते आकार उरतात. एक चिन्ह सरकवायचं तरी हाताने ओढावं लागतं.

कोथरूडकर: धन्यवाद! बेकरी दोघे भाऊ चालवतात, दोघेही जोशी.

लाल शाई: मग जोशीला एस लावून घ्या आणि अपॉस्ट्रॉफी त्या एसच्या नंतर.