बायकोच्या बाळंतपणाला नवऱ्याला भरपगारी रजा मिळते का?

रात्रपाळीवाला:
मंडळी, चाकणला पार्टच्या कंपनीत आहे, पगार १९ हजार, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात. बायकोला पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात पण तिची आई नाहीये, आणि माझी आई गावाला वडलांपाशी, त्यांना पॅरालिसिस झालाय, म्हणजे सगळं मलाच बघायचंय. सुपरवायझरला विचारलं तर हसला, म्हणे बाळंतीण तू आहेस का? कायद्यात आहे का काही?

टपालवाला:
आमच्याकडे म्हणजे केंद्र सरकारात १५ दिवस मिळतात, भरपगारी, दोन मुलांपर्यंत. डिलिव्हरीनंतर ६ महिन्यांच्या आत घ्यायची, नाही घेतली तर बुडाली. पण प्रायव्हेटला लागू नाही भाऊ.

एचआरमधला_एक:
टपालवाले बरोबर बोलतायत. प्रायव्हेटमध्ये नवऱ्यासाठी कायदा नाही, कंपनीच्या पॉलिसीत असेल तरच. ईएसआयमधून रजेचे पैसे मिळतात ते बाईला, तेही ती स्वतः कामाला असून तिचा ईएसआय भरत असेल तर. पण बायकोचं नाव तुझ्या ईएसआय कार्डावर असेल तर बाळंतपण ईएसआयच्या दवाखान्यात फुकट होतं, ते आधी बघ. आणि पीएल (साठलेली भरपगारी रजा) किती शिल्लक आहे ते विचारून अर्ज आत्ताच लेखी दे, तोंडी सांगितलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही (आम्हालाही नाही 😅)

लेकुरवाळी:
सगळा घोळ पैसे कोण देणार इथेच आहे. २०१७ ला बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे १२ आठवड्यांचे २६ केले, छानच झालं, पण पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय नाही, मग ते पैसे कंपनीच्या खिशातून. म्हणूनच इंटरव्ह्यूत मला विचारलं, लग्नाचं काय ठरलंय. ईएसआयसारखा फंड सगळ्यांना लावा आणि त्यातून नवऱ्यालाही निदान १५ दिवस द्या, मग बाई ठेवली काय नि बाप्या ठेवला काय, मालकाला काय फरक पडतोय? माझं सिझर झालं आणि चौथ्या दिवशी नवरा कामावर, टाके ओढतायत, वाकता येत नाही आणि लंगोटांची बादली तशीच भरलेली.

रात्रपाळीवाला:
आत्ता कार्ड काढून बघितलं, लग्नाआधीचं आहे, त्यावर फक्त आईवडील. सकाळी पाळी सुटली की घरी न जाता टाइम ऑफिसला बसतो. लग्नाचा दाखला लागेल ना?