‘सोपवणे’ आणि ‘सोडणे’

परवा शेजारच्या आजींच्या दफनाला शिवडीला गेलो होतो. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या स्तोत्र ३१ ची ओळ म्हटली, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’ आपल्याकडे ‘प्राण सोडला’, ‘देह ठेवला’ म्हणतात. मग इथे ‘सोपवतो’च का? ‘अर्पण करतो’ का नाही? मंडळी, तुम्हाला काय वाटतं?

*

सोडलेल्या वस्तूला वाली नसतो, अर्पण केलेली परत मागता येत नाही. सोपवलेली मात्र कुणीतरी सांभाळत असतं. गणपतीला गावी निघताना शेजारी चावी देतो, तुळशीला पाणी घाला म्हणतो, ते सोपवणं. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थही राखायला देणे असाच आहे. त्याच धातूपासून झालेला ‘पिक्कादोन’ म्हणजे ठेव, आजच्या हिब्रूत बँकेतलीसुद्धा! गंमत म्हणजे ‘सोपवणे’ आणि ‘समर्पण’ एकाच मुळाचे. पण समर्पणाला हार-फुलांचा वास लागला, सोपवणं घरगुतीच राहिलं.

*

आणि स्तोत्रातला माणूस मरणाला टेकलेला नाही. शत्रूंनी जाळं लावलंय, त्यातून सोडव म्हणतोय. येशूने वधस्तंभावर तीच ओळ म्हटली (लूक २३:४६), आधी ‘हे बापा’ जोडून, म्हणून आपल्याला ती शेवटचीच वाटते. ज्यू लोकांत ती झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत आहे. रोज रात्री आत्मा राखायला द्यायचा, सकाळी परत घ्यायचा. मशीद बंदरला सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, १७९६ साली स्थापन झालेलं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. ही मंडळी सिनेगॉगला मशीदच म्हणत आली. मराठी बोलणाऱ्या घरांत ही प्रार्थना आहे, आपल्याला पत्ता नसतो इतकंच.

*

‘हवाला’ कसा विसरलात? ‘देवावर हवाला ठेवून’ निघतोच की आपण. मुंबईत हवाला म्हटलं की झवेरी बाजार आणि छापे आठवतात, बिचारा शब्द! खरं तर ताबा, जबाबदारी. हवालदारही त्यातलाच. पण त्यात ‘आता होईल ते होईल’ची छटा आहे, ‘रामभरोसे’च्या वाटेवरची. म्हणून इथे नको.

*

जवळचा शब्द म्हणाल तर ‘निरवणे’, म्हणजे कुणाच्या तरी हाती सांभाळायला देणे. आता ‘निरवानिरव’ तेवढी उरली आहे. पण ती जाणाऱ्याने मागच्यांची लावलेली सोय. इथे जाणारा स्वतःलाच निरवतो आहे. तुकोबांचं ‘चालविसी भार सवें माझा’ आठवा. तिथे तर माणूस चालत्या वाटेवर आहे. मला विचाराल तर स्तोत्राचं मराठी शेजारपण तिथे आहे, ‘प्राण सोडला’मध्ये नाही.

*

पटलं, मंडळी. चावीच्या उदाहरणावरून आठवलं, आजींच्या घराची चावी अजून आमच्याच खिळ्याला आहे. मुलगा बाहेरगावी असतो. काल द्यायला गेलो तर म्हणाला, ‘राहू दे काका, तुमच्याकडेच.’