इटलीतल्या गरीब पोरांच्या कादंबऱ्या: नववी-दहावीच्या मुलींना पुढं काय वाचून दाखवू?

घरकुल_कट्टा
नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या विडी घरकुलात (विडी कामगारांची वसाहत) रविवारी नववी-दहावीच्या मुली जमतात, मी इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत जाते, मधेमधे कुणीतरी तेलुगूत सांगतं कारण निम्म्या घरांत तीच बोलतात. नुकतीच व्हियोला आर्दोनेंची मुलांच्या आगगाडीवरची कादंबरी संपवली (२०१९ ची आहे, त्यावर पिक्चर पण आलाय). १९४६ चं नेपल्स, अमेरिगो नावाचा सात वर्षांचा पोरगा, घरात खायची मारामार, म्हणून त्याला हिवाळ्यापुरतं उत्तरेत मोदेनाला परक्या लोकांकडं पाठवतात. रस्त्यानं जाताना तो फक्त लोकांचे पाय बघतो, धड बूट दिसला की एक गुण, भोक पडलेला असला की एक गुण वजा, अनवाणी असला तर शून्य. आमच्या पोरींनी हाच खेळ बसस्टॉपवर सुरू केलाय 😀

भांडण झालं ते शेवटावरनं. पोरगा परत घरी येतो, तिकडं मिळालेलं व्हायोलिन आई गहाण टाकते, तिकडची पत्रं पण त्याच्यापर्यंत पोचू देत नाही, आणि मग तो पळून परत गाडीत बसतो. निम्म्या मुली आईवर चिडल्या, निम्म्या पोरावर. एकीची आई विड्या वळते, ती पोरगी म्हणाली व्हायोलिन ठेवून घेतलं असतं तर रात्री खाल्लं काय असतं. सगळ्या गप्प, मला पण काही सुचेना.

तर दोन गोष्टी. या गाड्या खरंच होत्या का? आणि पुढं काय घेऊ? नुसतं जर्मन सैनिक आणि बॉम्ब नको, कामाला जाणारी पोरं असलेलं पाहिजे. फार जाडजूड पण नको.

जुनी_मिल_भोंगा
ताई, गाड्या अगदी खऱ्या. इटलीतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या आणि महिला संघटनेच्या बायकांनी युद्ध संपल्यावर हे काम उचललं, काही वर्षांत साधारण ७० हजार पोरं उत्तरेकडं गेली, बरीचशी एमिलिया भागातल्या शेतकरी-कामगारांच्या घरी. ती घरं पण काही श्रीमंत नव्हती बरं का. विरोधकांनी आवई उठवलेली की पोरांना रशियात नेतात, हात तोडतात, त्यामुळं आया स्टेशनवर येईपर्यंत घाबरलेल्या. आणि गाडीत चढल्यावर पोरांनी नवे कोट खिडकीतनं खाली आईकडं फेकायचे, घरी राहिलेल्या भावंडांना म्हणून. कादंबरीतला तो प्रसंग हवेतनं आलेला नाही.

पुढं वाचायला जोव्हान्नी व्हेर्गाची 'रोस्सो माल्पेलो' घ्या, १८७८ ची कथा आहे, कादंबरी नाही, एका बैठकीत होते. सिसिलीत वाळूच्या खाणीतला लाल केसांचा पोरगा, लाल केस म्हणजे वाईट चालीचा असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. बाप एक खांब फोडायचं काम उक्तं घेतो, म्हणजे वेळ कितीही लागो पैसे ठरलेलेच, आणि त्यातच ढिगाऱ्याखाली जातो. पोरगा नखांनी उकरत बसतो. पुढं कधीतरी बापाचं प्रेत सापडतं तेव्हा त्याचे बूट पोरगा जपून ठेवतो, घासूनपुसून बघत बसतो. तुमच्या बूट मोजणाऱ्या पोरींना हे वेगळं समजवावं लागणार नाही. रडू आणायचा प्रयत्न लेखक कुठंच करत नाही, गावातली माणसं जशी निर्दयपणे बोलतात तशाच सुरात सगळं सांगतो, म्हणून जास्त लागतं.

तिथल्या गंधकाच्या खाणींत तर पोरं आईबापानं घेतलेल्या उचलीवर जायची, ती फिटेपर्यंत सुटका नाही. १८८६ च्या कायद्यानं कारखान्यात ९ वर्षांखालची आणि जमिनीखाली १० वर्षांखालची पोरं कामाला घ्यायला बंदी केली, म्हणजे त्याआधी काय चालत असेल बघा. ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना उचल म्हणजे काय ते पाठच असतं.

का_बे_सोल्लापूर
लै भारी चाललंय की. माझ्याकडनं मांझोनीची कादंबरी, 'इ प्रोमेस्सी स्पोझी'. जाडजूड नको म्हणालाव पण ऐका तर, हिरो रेन्झो रेशीम कामगार हाय बे, आपल्या पूर्व भागातल्या विणकरांतला वाटतो! साल १६२८, दुष्काळ पडलाय, पोरगं मिलानमध्ये येतं तर रस्त्यावर पिठाचे पांढरे पट्टे आणि पाव पडलेले, पहिल्यांदा कळतच नाही काय चाललंय, मग कळतं की लोकांनी बेकऱ्या लुटल्यात. मग हे येडं पण गर्दीत घुसतं, दारू पिऊन भाषण ठोकतं, सकाळी पोलीस दारात. पुढं १६३० चा प्लेग, तितं तर लोक परक्या माणसाला बघून हाच रोग फासतोय म्हणून मारायला धावतात. दंगल आणि प्लेग एवढंच वाचा, मधले पाद्री-सरदारांचे पाल्हाळ सोडा. मी तरी तेच केलो.

एल्सा मोरांतेची 'ला स्तोरिया' (१९७४) पण थोर हाय पण नववीला नको, सुरुवातच बाईवरच्या अत्याचारानं हाय. मोठ्यांनी वाचा. त्यातला नीनो आधी काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांत, मग पार्टिझन (फॅसिस्टांविरुद्ध लपून लढणारा), मग काळाबाजारवाला. असली पोरं आपल्या पेठेत पण बघितल्यात, झेंडा बदलतो, पोरगं तेच.

हुतात्मा_चौक
विषयाला धरूनच बोलतोय, राग मानू नका. मे १९३० मध्ये आपल्याच गावात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले, त्यातले शिंदे आणि कुर्बान हुसेन तर ऐन तरुण. ते सोडून नेपल्स कशाला? आपल्या पोरींना अमेरिगो माहीत आणि कुर्बान हुसेन फक्त पुतळ्यापुरता, हे मला पटत नाही.

जुनी_मिल_भोंगा
@हुतात्मा_चौक पटो न पटो, पण नेपल्स एवढं परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथं टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, मोंतोने गावात आता त्यांचं स्मारक आहे. कोकणातल्या पोराला तिथं कुठली वाट घेऊन गेली, यावर कुणी कादंबरी लिहिली तर पहिली प्रत मी घेईन. आणि १९३० च्या सोलापूरबद्दल म्हणाल तर तक्रार ताईंकडं कशाला, लिहिणाऱ्यांकडं करा.

ताई, त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. आई चूक की पोरगा चूक हे पुस्तकानं पण ठरवलेलं नाही. मदत करणारे चांगले, आई पण वाईट नाही, तरी पोरगं दोन्ही घरांना थोडं थोडं परकं झालं. पुण्याला शिकायला गेलेली कितीतरी पोरं सुट्टीला आली की अशीच उंबऱ्यात घुटमळतात.

घरकुल_कट्टा
ठरलं, रविवारी माल्पेलो. रेन्झोची दंगल दिवाळीच्या सुट्टीत, तोवर कुणी ती प्रकरणं सोप्या इंग्रजीत मिळवून दिली तर बरं होईल, माझ्याकडची प्रत फार जुन्या वळणाची आहे. @हुतात्मा_चौक तुम्ही एक रविवार येऊन १९३० चं सांगाल का? पण तारखा कमी आणि तेव्हा गिरणीतली पोरं काय खायची, काय करायची ते जास्त.

हुतात्मा_चौक
येतो. तारखा मात्र सांगणारच.