निवासी विभागातील व्यवसाय: बंदी नावावर असावी की उपद्रवावर?

नकाशावाचक:
जमिनीचे निवासी, वाणिज्य आणि औद्योगिक असे विभाग पाडण्यामागचा हेतू समजतो. मात्र घरातल्या एका खोलीत शिलाई यंत्रावर बसणारा आणि रात्रपाळीत पन्नास यंत्रे चालवणारा, या दोघांनाही नियमावली ‘उद्योग’ म्हणूनच ओळखत असेल, तर संरक्षण नेमके कोणाचे होते? त्याऐवजी आवाज, धूर आणि मालवाहतूक यांवरच थेट मर्यादा घातल्या तर भागणार नाही का?

तळमजला:
शिवणकामाचेच उदाहरण आपण घेतलेत, हा योगायोग मोठा आहे. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या विभागणी नियमावलीची चर्चा बहुधा उंच इमारतींनी अडवलेल्या उजेडापुरतीच होते. पण तिच्यामागे पाचव्या अव्हेन्यूवरील व्यापाऱ्यांचाही रेटा होता, कारण कपडे शिवणारे कारखाने आणि जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर येणारे तिथले कामगार त्यांना आपल्या दुकानांजवळ नको होते. पुढे १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली, तेव्हा स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या सदनिकांच्या इमारतीलाही त्याने बांडगुळाच्या पंक्तीला बसवले. सदनिकांतून कसला धूर निघतो? तेव्हा उपद्रव हे कारण खरे असले, तरी शेजार कोणाचा असावा हा प्रश्नही पहिल्यापासून त्यात मिसळलेला आहे.

सरहद्द:
इतिहास मान्य, पण मर्यादा घालायच्या तर त्या मोजणारा माणूस हवा. तपासनीस सकाळी येणार आणि यंत्र रात्री चालणार, हे कोणत्याही स्थानिक संस्थेत घडेल. नावावरची, म्हणजे व्यवसायाचा प्रकार पाहून घातलेली, बंदी ढोबळ असली तरी कागदावरून तपासता येते. जपानने यातून काढलेली वाट मला अधिक पटते. तिथल्या सर्वांत कडक निवासी विभागातही राहत्या घरात छोटे दुकान किंवा कार्यशाळा चालते. अट एवढीच, की व्यवसायाची जागा ५० चौरस मीटरपेक्षा जास्त नसावी आणि ती घराच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून जास्त नसावी. हस्तकलेच्या कार्यशाळेत मोटारी असतील, तर त्यांची एकत्रित शक्ती ०.७५ किलोवॅटच्या आत ठेवावी लागते. म्हणजे मोजमाप आहे, पण ते एकदा पाहून ठरवता येणारे.

आराखडा:
विभागणी नसलेल्या अमेरिकेतील ह्यूस्टन शहराकडेही पाहावे. तिथे अनेक वस्त्यांमधील बंधने जमिनीच्या खरेदीखतांतच लिहिलेली असतात आणि ती मोडल्यास शहर प्रशासन स्वतः न्यायालयात जाऊ शकते. नियम गेला, बंदी राहिली!

नकाशावाचक:
मोटारीच्या शक्तीची अट आवडली. पण शिकवणी वर्गाला मोटार लागतच नाही आणि शेजाऱ्यांना त्रास होतो तो मुलांच्या ये-जा करण्याचा. त्याचे काय?

सरहद्द:
त्याला क्षेत्रफळाची अट आवर घालते. जागेत मावतील त्याहून जास्त मुले एका वेळी येणार नाहीत. तुकड्या किती घ्याव्यात, एवढा भाग मात्र तिच्यातून सुटतो.