छोट्या सोसायटीत सेक्रेटरी आहे, राजीनामा द्यावा का?

वरचा_मजला:
आमची जेमतेम सोळा घरं. त्यातली चार भाड्याने दिलेली, दोन बंद. म्हणजे मीटिंगला बोलवावीत अशी दहा, येणार पाच, त्यातला एक फक्त भांडायला. मी सेक्रेटरी झाले कारण "कोण होतंय" असं विचारलं तेव्हा बाकी सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. त्याचं काही नाही, काम करायला आवडतं मला. टाकी धुवून घेणं, लिफ्टवाल्याच्या मागे लागणं, वॉचमन सुट्टीवर गेला की बदली माणूस शोधणं, सगळं नोकरी सांभाळून करते.

डोकं कशाने फिरतं ते सांगते. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, "पाणी नाहीये, कोणी लक्ष देणार आहे का?" हे कोणी म्हणजे मी, आणि लिहिणाऱ्याच्या दारासमोरच पंपाचं बटण. गळतीचं तर विचारूच नका, वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात, वरचा म्हणतो पाइप कॉमन आहे, खालचा म्हणतो कमिटी काय करतेय, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत पण माझ्यामार्फत तासन्‌तास भांडतात. तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्त प्लंबर घेतला तर काम टिकलं नाही म्हणून बोलणी, मधला घेतला तर "काहीतरी सेटिंग असणार". मेंटेनन्स थकवणारा रोज लिफ्टमध्ये हसून "काय म्हणताय" विचारतो, त्याला नोटीस कशी देऊ, माझ्या घराची जादा किल्ली त्याच्याच बायकोकडे असते!

राजीनामा लिहून ठेवलाय. पण मी सोडलं तर घेणारं कोणी नाही हेही दिसतंय. तुम्ही लोक काय करता?

जुना_खजिनदार:
घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या, दुसरं काय 😀 पण मला सांगा, सेक्रेटरीने काय करायचं आणि काय नाही हे तुमच्याकडे कुठे लिहिलेलं आहे का? नसणार. मग जे कुणाचंच नाही ते तुमचं, असंच होतं. दोन घरांमधली गळती हा त्या दोन घरांचा प्रश्न, कॉमन पाइपचा असेल तर सोसायटीचा, हे ठरवायला दोघांनाही मान्य असलेला प्लंबर बोलवायचा आणि त्याने लिहून द्यायचं. तुम्ही निरोप्या व्हायचं बंद करा.

आणि सेटिंगवाल्या टोमण्यावर औषध एकच. तिन्ही कोटेशन, बिलं, बँकेतली शिल्लक सगळं दर महिन्याला नोटीस बोर्डावर. चेकवर दोन सह्या. तरी बोलणारे बोलतातच, पण बाकीचे मग त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. पुढच्या खेपेला प्लंबर त्यालाच निवडायला सांगा, गप्प बसतो की नाही बघा.

कट्ट्यावरचा_प्रोफेसर:
यात एक गंमत आहे. मँकर ओल्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं होतं की सामाईक फायद्याच्या कामात मोठ्या गटापेक्षा छोट्या गटाला एकत्र येणं सोपं जातं, कारण कोण अंग चोरतंय ते लगेच दिसतं. सोळा घरांत दिसतं तर सगळ्यांना! पण दिसलं तरी बोलायची सोय नाही, उद्या त्याच जिन्यावर भेटायचंय ना. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पगारी मॅनेजर असतो, तो नोटीस चिकटवतो आणि घरी जातो. तुम्हाला घरी जायलाही त्याच नोटीसवरून जावं लागतं. ओल्सनच असंही म्हणतो की अशा छोट्या गटात ज्याला जास्त गरज तो भार उचलतो आणि बाकीचे आयते बसतात. ताई, इथे तो भार तुम्ही उचलताय.

मीटिंगबद्दल म्हणाल तर पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच लिहून ठेवलंय, अणुभट्टीचा खर्च कमिटी चुटकीसरशी पास करते आणि सायकल शेडवर तासभर वाद घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. लिफ्टचं कंत्राट दोन मिनिटांत आणि जिन्याच्या रंगावर अख्खी संध्याकाळ, होतं की नाही?

सरळ_बोलणारी:
एवढं शास्त्र कशाला? द्या राजीनामा. महिनाभर पंप कोणी लावू नका, लिफ्ट बंद पडू द्या, आपोआप उठतात सगळे. तुम्ही करताय म्हणून ते बसलेत.

वरचा_मजला:
@सरळ_बोलणारी हे शंभरदा मनात येतं हो. पण लिफ्ट बंद पडली की त्रास होतो तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या आजींना, बडबड करणारा तळमजल्यावर राहतो. त्याला काही फरक पडत नाही.

बांधावरून:
आजींचा मुद्दा पटला. अर्धा राजीनामा देता येतो, तो द्या. म्हणजे तारीख लिहून कळवायचं की अमुक महिन्यापर्यंतच मी, त्यानंतर प्रत्येक घराकडे आळीपाळीने वर्षभर एकेक काम, पाणी एकाकडे, लिफ्ट दुसऱ्याकडे, हिशोब तिसऱ्याकडे. भाडेकरूंनाही घ्या यात, आमच्याकडे सगळ्यात नीट काम त्यांनीच केलं. ज्याला जमणार नाही त्याने वर्षाला ठरलेली जादा रक्कम द्यायची, त्यातून थोडा वेळ येणारा पगारी माणूस ठेवता येतो. हे आधी मीटिंगमध्ये मंजूर करून मिनिट्समध्ये घ्या, नाहीतर तुमचाच नवा हुकूम म्हणतील.

तक्रारींसाठी मला व्हॅलेन्सियाची पद्धत आवडते. स्पेनमधल्या या शहरात कालव्याच्या पाण्यावरून शेतकऱ्यांची भांडणं झाली की त्यांनीच निवडलेले लोक दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात बसतात, सगळं तोंडी, सगळ्यांसमोर, निकाल तिथल्या तिथे. शेकडो वर्षं चालू आहे ते. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या अभ्यासात व्हॅलेन्सियाचे कालवेही होते. त्या म्हणतात, नियम मोडणाऱ्याला पहिली शिक्षा हलकी हवी, मग हळूहळू वाढवायची, आणि भांडण मिटवायची जागा जवळची आणि स्वस्त हवी. तुमच्याकडे आज ती जागा म्हणजे तुमचा फोन आहे. त्याऐवजी रविवारी सकाळी एक तास खाली जिन्यापाशी बसा, कमिटीतले निदान दोघं. आग, लिफ्टमध्ये माणूस अडकणं, पाणी पूर्ण बंद, एवढं सोडून बाकी सगळं रविवारी. ग्रुपवर कोणी ओरडलं की एकच उत्तर, "रविवारी या".

थकबाकीलाही तसंच. आधी सगळ्यांना जाते तीच छापील आठवण, मग व्याज, मग नोटीस, तारखा आधीच ठरलेल्या. मग नोटीस तुम्ही दिली असं होत नाही, तारीख आली म्हणून गेली.

वरचा_मजला:
रविवारची कल्पना आवडली, पहिल्या रविवारी कोणी येणार नाही ती गोष्ट वेगळी. पण व्याजाचा नियम मंजूर व्हायला जे हात वर व्हायला हवेत त्यातले दोन थकबाकीदारांचेच आहेत, त्याचं काय करायचं?

जुना_खजिनदार:
नियम मागच्या थकबाकीला लावूच नका, पुढच्या महिन्यापासूनचा ठेवा. जुनी रक्कम हप्त्यांत द्यायची मुभा त्याच ठरावात घाला, म्हणजे हात वर करताना त्यांना काहीतरी मिळतंय असं वाटतं. आमच्याकडे अशाने पास झाला, आणि जुनी बाकी निम्म्याहून जास्त आली. एकाची अजून यायची आहे.