मदत हवी आहे: पीएचपी ७.४ न सोडता सर्व्हर सुरक्षित कसा ठेवावा?

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची उबुंटू २०.०४ ही कार्यप्रणाली, अपाचे २.४.४१ हा वेब सर्व्हर आणि पीएचपी ७.४ ही प्रोग्रामिंग भाषा यांवर चालते. या उबुंटूची नेहमीची सुरक्षा अद्यतने मे २०२५ मध्ये थांबली असून, सर्व्हरवर सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक असल्याने तो तसाच चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते. बॅकअप घेऊन वेगळ्या यंत्रावर उबुंटूची पुढची आवृत्ती २२.०४ बसवून पाहिली. अपाचे सुरळीत चालले, परंतु तिच्यासोबत येणाऱ्या पीएचपी ८.१ वर शोधाचे पान बंद पडते आणि प्रणाली लिहिणारे आता उपलब्ध नाहीत. नव्या प्रणालीसाठी यंदा निधी नाही. रात्री काही तास संकेतस्थळ बंद ठेवता येईल. तेव्हा उबुंटू प्रो या सेवेची विस्तारित (नेहमीची मुदत संपल्यानंतरची) सुरक्षा अद्यतने घेऊन २०.०४ वरच थांबावे, की २२.०४ वर जाऊन पीएचपी ७.४ तेवढे कंटेनरमध्ये (उरलेल्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) चालवावे, आणि तसे केल्यास त्या पीएचपीला सुरक्षा दुरुस्त्या कुठून मिळतील?