स्वस्त पण कामाचा मल्टिमीटर: तुमचे अनुभव लिहा

नवशिकी: बंद पडलेले चार्जर, रेडिओ, एलईडी बल्ब उघडून बघायचा नाद लागलाय. बजेट दीड हजाराच्या आत. तुमच्या टेबलावर कुठला मीटर आहे आणि तो कुठे दगा देतो, ते सांगा.

सोल्डरवाला: मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन-अडीचशेत मिळणारा पिवळा डीटी-८३०डी बहुतेकांच्या घरी सापडेल. बॅटरी, अडॅप्टर, फ्यूज बघायला पुरतो. खोड एकच: आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे वर चढतात. ५ व्होल्टचा चांगला चार्जर साडेपाच-सहा दाखवायला लागतो आणि आपण उगाच तोच खोलून बसतो. संशय आला की कोरा पेन्सिल सेल मोजायचा. १.६ च्या फार वर गेला तर आधी मीटरची बॅटरी बदला.

जुना ट्रान्झिस्टर: माझ्याकडे काट्याचा आहे, आणि मला तोच आवडतो. ओहमवर ठेवून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला लावला की काटा उसळतो आणि सावकाश परत येतो. कपॅसिटर चार्ज होतोय हे डोळ्यांना दिसतं. डिजिटलवर आकडे नुसते पळतात. पण २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचाच असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध तेवढाच. ट्रान्झिस्टरच्या बेसला लावला तर तिथलं व्होल्टेज तोच खाली ओढतो. डीटी-८३० साधारण १ मेगाओहमचा, जरा बरे डिजिटल १० चे. तेव्हा ताई, काट्याचा घ्या, पण दुसरा म्हणून.

बझरवाली: मी मोबाइलचे बोर्ड करते. माझ्यासाठी पहिली कसोटी बझर, म्हणजे वायर किंवा ट्रॅक जोडलेला असला की वाजणारा. दुकानातच दोन्ही प्रोब एकमेकांवर टकटक आपटून बघते. टेकताक्षणी वाजला नाही तर मीटर परत काउंटरवर. मग डायोड मोड. साधा सिलिकॉन डायोड ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, शॉटकी जातीचा डायोड ०.२-०.३ च्या आसपास. पांढरा एलईडी उजळला नाही म्हणून तो मेला असं समजू नका, स्वस्त मीटर तेवढं व्होल्टेज देतच नाही. आणि हो, सोबत आलेल्या कडक वायरी फेकून सिलिकॉनच्या घ्या.

फ्यूजप्रेमी: चार्जर आणि बल्ब म्हणालात म्हणून लिहितोय. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की एसएमपीएसच्या (चार्जरमधल्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर जवळपास ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं. लाल वायर तिथे राहिली आणि प्रोब मेन्सवर, म्हणजे घरच्या २३० व्होल्टवर टेकवले, तर मधे फ्यूजच नाही, सरळ शॉर्ट. वर 'कॅट थ्री' हा सुरक्षेचा दर्जा छापलाय म्हणून त्यावर जीव टाकू नका. मागचं झाकण उघडून दोन्ही भोकांना फ्यूज आहे का बघा, शक्यतो सिरॅमिक. मेन्सच्या कामाला नाशिकच्या ऋषभसारख्या नावाजलेल्या कंपनीचा मीटर उसना मिळाला तरी चालेल.

नवशिकी: ट्रू आरएमएस लागेल का? आणि कपॅसिटन्सची रेंज?

सोल्डरवाला: ट्रू आरएमएस म्हणजे एसी लहरीचा आकार बिघडलेला असला तरी खरं मूल्य दाखवणारा मीटर. फॅन रेग्युलेटरच्या पुढे मोजणार असाल तर तो हवा, कापलेल्या लहरीवर साधा मीटर कमी दाखवतो. डीसी कामाला काही फरक पडत नाही.

जुना ट्रान्झिस्टर: कपॅसिटन्स असेल तर उत्तम, पण मायक्रोफॅरड बरोबर दाखवूनही कपॅसिटर बाद असू शकतो, कारण ईएसआर, म्हणजे त्याचा आतला रोध, वाढलेला असतो. तो या मीटरवर दिसत नाही. फुगलेला दिसला की न मोजता बदला.

बझरवाली: दीड हजारात ऑटोरेंज (रेंज मीटर स्वतःच निवडतो), कपॅसिटन्स, चपळ बझर हे सगळं बसतं. अॅनेंगचा एएन८००८ किंवा त्या पंगतीतला बघा, ट्रू आरएमएसही त्यात आहे. फक्त तो मेन्सवर नको.